सामाजिकीकरण, धार्मिक व राजकीय

व्यक्ती ज्या कुटुंबात, वस्तीत आणि समाजात वाढते, तेथील धर्मश्रद्धा, आचार, मूल्ये व राजकीय निष्ठा ती ज्या प्रक्रियेने आत्मसात करते, त्या प्रक्रियेस धार्मिक व राजकीय सामाजिकीकरण असे म्हणतात. मराठीतील ‘संस्कार’ हा शब्द या संज्ञेच्या बराच जवळचा आहे. तथापि संस्कार या शब्दाने हेतुपुरस्सर दिलेली शिकवण सूचित होते, तर सामाजिकीकरणाचा फार मोठा भाग कोणी मुद्दाम शिकवीत नाही आणि कोणी जाणीवपूर्वक शिकतही नाही. घरात कोणता सण पाळला जातो, कोणाच्या हातचे पाणी निःशंकपणे घेतले जाते, निवडणुकीच्या काळात कोणत्या नावाचा उल्लेख आदराने होतो, या गोष्टी मूल पाहत व ऐकत असते; आणि मते बनविण्याचे वय होण्यापूर्वीच त्याच्या मतांची पूर्वपीठिका तयार झालेली असते.

प्रस्तुत नोंदीत या प्रक्रियेचे स्वरूप प्रामुख्याने अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर इ. मुंबईच्या उपनगरांतील उदाहरणांच्या आधारे स्पष्ट केले आहे. या उदाहरणांवरून असे दिसते, की संगोपनातून सर्वांत आधी व सर्वांत टिकाऊपणे संक्रमित होते ती आपलेपणाची जाणीव आणि आचार. सिद्धांत व मते त्यांच्यामागून येतात आणि परिस्थितीनुसार तुलनेने लवकर बदलतात.

विचारेतिहास : श्रद्धा ही व्यक्तीच्या अंतःकरणातील खाजगी घटना नसून तिचे मूळ सामूहिक जीवनात असते, हा विचार फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमील द्यूरकेम याने १९१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या धर्मविषयक ग्रंथात विस्ताराने मांडला. जर्मन विचारवंत कार्ल मानहाइम याने १९२८ मध्ये पिढीच्या प्रश्नाचे विवेचन करताना, तारुण्यात एकत्र अनुभवलेल्या मोठ्या घटना एका पिढीच्या दृष्टिकोनाला कायमचे वळण देतात, हे दाखविले. ‘राजकीय सामाजिकीकरण’ ही संज्ञा हर्बर्ट हायमन याच्या १९५९ मधील ग्रंथामुळे रूढ झाली. पीटर बर्गर व टॉमस लुकमान यांनी १९६६ मध्ये प्राथमिक आणि द्वितीयक सामाजिकीकरण असा भेद केला. त्यांच्या मते बालपणी घरात भेटलेले जग मुलाला अनेक जगांपैकी एक म्हणून भेटत नाही, तर एकमेव जग म्हणून भेटते. शाळा, व्यवसाय, संघटना यांच्याद्वारे पुढे भेटणारी जगे त्यामानाने उपरी ठरतात.

एम्. केंट जेनिंग्ज व रिचर्ड निमी यांनी १९६५ मध्ये अमेरिकेतील शालान्त वर्गांतील १,६६९ विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास हाती घेतला. पालक व अपत्ये यांच्यातील साम्य पक्षनिष्ठेच्या बाबतीत ठळक, तर विशिष्ट सार्वजनिक प्रश्नांवरील मतांच्या बाबतीत बरेच क्षीण असल्याचे त्यांना आढळले. मुले आईबापांची मते जशीच्या तशी उचलतात, ही समजूत या अभ्यासामुळे ढासळली. भारतात प्यू संशोधन केंद्राने २०१९-२० मध्ये सु. ३०,००० प्रौढांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी ९८ टक्के व्यक्तींनी आपला आजचा धर्म व बालपणीचा धर्म एकच असल्याचे सांगितले. उलट अमेरिकेत बालपणीचा धर्म वा पंथ सोडलेल्या प्रौढांचे प्रमाण सु. एकतृतीयांश आहे. हा फरक केवळ श्रद्धेच्या तीव्रतेचा नाही. भारतात धर्माचे नाव हे कुल, विवाहसंबंध, आडनाव, वस्ती व कायदा यांच्याशी जोडलेले असल्यामुळे ते सोडणे म्हणजे एका मताचा त्याग करणे नसून नात्यांच्या संपूर्ण जाळ्यातून बाहेर पडणे ठरते.

उपनगरांची घडण : आजची उपनगरे ही बहुतांशी जुन्या साष्टी बेटाच्या भूमीवर वसलेली आहेत. अंधेरी व घाटकोपर १९५० मध्ये, तर बोरिवली व मुलुंड १९५७ मध्ये बृहन्मुंबईत समाविष्ट झाली. मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा १९९० मध्ये निर्माण करण्यात आला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या ९३,५६,९६२ होती. कोळी, आगरी, भंडारी, ईस्ट इंडियन ख्रिस्ती व वारली आदिवासी यांची जुनी गावठाणे व पाडे. कोकण व देशावरून आलेल्या मराठी कामगारांच्या चाळी. गुजराती व कच्छी व्यापारी कुटुंबांच्या इमारती. दाक्षिणात्य व उत्तर भारतीय वस्त्या. आणि दलित, मुसलमान व अन्य श्रमिकांच्या झोपडपट्ट्या, असे या प्रदेशाचे स्वरूप आहे. एकाच रेल्वेस्थानकाच्या दोन बाजूंना वाढणारी दोन मुले शाळेत एकच क्रमिक पुस्तक वाचतात, पण घरी त्यांना दोन भिन्न पंचांगे, दोन भिन्न इतिहास व दोन भिन्न आदर्श पुरुष भेटतात. त्यामुळे संगोपनाचा प्रभाव तुलनेने पाहण्यास हा प्रदेश विशेष सोयीचा आहे.

आचारातून श्रद्धा : धर्माचे तत्त्वज्ञान मुलाला उशिरा कळते, त्याचा आचार मात्र लवकर अंगवळणी पडतो. घाटकोपर व मुलुंड येथील श्वेतांबर जैन कुटुंबातील मूल कर्मसिद्धांत समजण्याच्या कितीतरी आधी कंदमुळे खावयाची नाहीत, सूर्यास्तानंतर जेवावयाचे नाही, पर्युषणाच्या आठ दिवसांत उपवास करणाऱ्या वडीलधाऱ्यांना मान द्यावयाचा आणि संवत्सरीला सर्वांची क्षमा मागावयाची, हे शिकते. देरासराजवळच्या पाठशाळेत पुढे सूत्रे पाठ होतात. त्यांचा अर्थ त्यानंतर कळतो. मुसलमान मुले मक्तबात कुराणाचे अरबी वाचन प्रथम शिकतात, अर्थबोध हा पुढचा टप्पा असतो. कॅथलिक मुले प्रार्थना व क्रुसाची खूण शिकतात आणि नंतर धर्मशिक्षणाच्या वर्गात बसतात. हिंदू घरात तिन्हीसांजेची दिवेलागण, देवघरातील नैवेद्य व गणपतीसाठी गावी जाणे यांतून जे ठसते, त्याला सिद्धांताचे रूप बहुधा कधीच येत नाही.

आचाराची ही अग्रता दोन परिणाम घडविते. एक म्हणजे, जे शरीराच्या सवयीत उतरलेले असते, ते युक्तिवादाने सहजासहजी हलत नाही. निषिद्ध मानलेल्या अन्नाविषयी वाटणारी शिसारी, ज्या श्रद्धेतून तो निषेध आला ती मावळल्यानंतरही पुष्कळदा टिकून राहते. दुसरा परिणाम असा, की आपला आचार हा मुलास ‘आचार’ वाटतच नाही. तो त्याला स्वच्छता, सभ्यता किंवा माणुसकीचाच नियम वाटतो. त्यामुळे शेजाऱ्याचा भिन्न आचार हा केवळ भिन्न न राहता हीन भासू लागतो. उपनगरांतील काही गृहनिर्माण संस्थांत मांसाहारी कुटुंबांना घरे नाकारली गेल्यावरून जे वाद झाले, त्यांच्या मुळाशी अहिंसेचे तत्त्व जितके आहे, तितकीच बालपणी रुजलेली ही भावनाही आहे.

जन्माने मिळालेला धर्म व्यक्तीने स्वतः स्वीकारावा, अशी अपेक्षा बहुतेक परंपरांत आढळते. हिंदूंमधील काही जातींत मुंज, पारशी लोकांत नवजोत, कॅथलिकांत दृढीकरण, तर दाऊदी बोहरा समाजात वयात येताना घेतली जाणारी ‘मिसाक’ ही शपथ, असे विधी आहेत. त्यांत मुलाची संमती औपचारिक रीतीने विचारात घेतली जाते. परंतु ती अशा वयात व अशा मंडळींसमोर घेतली जाते, की निराळे उत्तर देणे जवळजवळ अशक्य असते. जन्मसिद्ध श्रद्धा ही स्वतःची कितपत म्हणावी, हा या विषयातील मूलभूत प्रश्न त्या विधींतच दडलेला आहे.

साष्टीतील ख्रिस्ती समाज : १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशाह याच्याकडून वसई व तिच्या लगतची बेटे पोर्तुगीजांना मिळाली. त्यानंतर फ्रान्सिस्कन व जेझुइट धर्मोपदेशकांनी साष्टीत धर्मप्रसार केला. बोरिवलीजवळील मंडपेश्वर येथील शैव लेण्याचे चर्चमध्ये रूपांतर करण्यात आले व त्यालगत मठ उभारला गेला. तेथील भिंतीवर कोरलेला क्रूस त्या काळाची साक्ष देतो. अंधेरीनजीक मरोळच्या परिसरात १५७९ मध्ये बांधलेल्या सेंट जॉन बाप्टिस्ट चर्चचे अवशेषही शिल्लक आहेत. या धर्मांतरात उपदेश, सवलती, राजसत्तेचा दाब आणि आपल्या गावकीबरोबर जाण्याची वृत्ती, अशी अनेक कारणे मिसळलेली होती.

१७३७–३९ या काळात मराठ्यांनी साष्टी व वसई जिंकली आणि पोर्तुगीज सत्ता संपुष्टात आली. धर्मांतर केवळ राजसत्तेच्या बळावर टिकून असते, तर सत्ता जाताच ते ओसरावयास हवे होते. प्रत्यक्षात साष्टीतील बराच मोठा ख्रिस्ती समाज ख्रिस्तीच राहिला. मधल्या दोनशे वर्षांत अनेक पिढ्या चर्चच्या छायेत जन्मल्या व वाढल्या होत्या. पूर्वजांचा स्वीकारलेला धर्म वंशजांच्या दृष्टीने वाडवडिलांचा धर्म झाला होता. राजकीय इतिहासाने लादलेली वा देऊ केलेली गोष्ट संगोपनाने आपलीशी केल्याचे हे स्पष्ट उदाहरण होय.

याच समाजात संस्कृतीचा दुसरा, अधिक जुना थरही शिल्लक राहिला. त्यांची घरगुती बोली मराठीची, स्त्रियांचा पारंपरिक पोशाख लुगड्याचा, आणि विवाहातील ‘उंबराचे पाणी’ आणण्याचा विधी ख्रिस्तपूर्व आचाराशी नाते सांगणारा आहे. नव्या भाताच्या लोंब्यांना आशीर्वाद देण्याचा ‘आगेरा’ हा सण शेते नाहीशी झालेल्या गावठाणांतही ऑक्टोबरमध्ये साजरा होतो. देव बदलला तरी लग्न कसे लावावे व सुगी कशी साजरी करावी, यांविषयीची समज त्याच वेगाने बदलली नाही.

राजकीय ओळखीच्या बाबतीत मात्र या समाजाने हेतुपूर्वक निवड केली. ब्रिटिशांच्या नोकऱ्यांत गोवेकर व मंगळुरी ख्रिस्ती यांच्याशी स्पर्धा वाढल्यावर, आपण मुंबईचे मूळ रहिवासी आहोत हे ठसविण्यासाठी १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव स्वीकारण्यात आले व त्या नावाची संघटना स्थापन झाली. धर्म चर्चने दिला, चालीरीती गावाने दिल्या आणि समाजाचे नाव तत्कालीन राजकारणाने दिले. आज हे तिन्ही पदर एकाच घरात एकत्र संक्रमित होतात व मुलाला ते एकच वाटतात.

बौद्ध धर्मांतर व संगोपनाची पुनर्रचना : संगोपनाचा प्रभाव प्रबळ असला, तरी तो अटळ नाही, हे महाराष्ट्रातील बौद्ध धर्मांतराने सिद्ध केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे वडील कबीरपंथी होते व घरात नित्य भजन-पठण होत असे. मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी त्यांना आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे मराठी चरित्र भेट दिले. घरातील भक्तिपरंपरा आणि घराबाहेरून आलेला एक ग्रंथ, असे दोन्ही संस्कार त्यांच्या पुढील चिंतनात आढळतात. १९३५ मध्ये येवला येथे त्यांनी हिंदू धर्म सोडण्याचा निर्धार जाहीर केला. प्रत्यक्ष धर्मांतर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे झाले. या दोन घटनांमधील एकवीस वर्षांचा काळ हा अभ्यासाचा व अनुयायांच्या मनाची तयारी करण्याचा काळ होता.

१९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या आत होती. १९६१ मध्ये ती सु. २७ लक्ष ९० हजारांवर गेली. धर्मांतर समूहाने झाल्यामुळे व्यक्तीला आपले नातेसंबंध तोडावे लागले नाहीत; वस्तीच्या वस्ती नव्या धर्मात आली. धर्मांतराच्या वेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत जुन्या देवतांची उपासना व जुने विधी सोडण्याच्या प्रतिज्ञा होत्या. म्हणजे नवा सिद्धांत देण्याबरोबरच जुना आचार खंडित करणेही आवश्यक मानले गेले होते. १९५५ मध्ये स्थापन झालेली भारतीय बौद्ध महासभा, वस्त्यांमधील विहारे, तेथील सामुदायिक वंदना, बौद्ध पद्धतीचे नामकरण व विवाह, आंबेडकर जयंती, आणि ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीकडे जाणारे जनसमुदाय यांच्या द्वारे पुढील पिढीसाठी एक नवे संगोपनच उभे करण्यात आले. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी येथील बौद्ध घरांत बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या प्रतिमा शेजारीशेजारी आढळतात. त्या घरातील मुलाला धर्म आणि नागरिकत्वाचे हक्क या दोन वेगळ्या गोष्टी म्हणून भेटतच नाहीत. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला व त्यात दहा जण मृत्युमुखी पडले. पुतळा हे त्या वस्तीत एकाच वेळी श्रद्धेचे व समान हक्कांचे प्रतीक होते, हे ध्यानात घेतल्याखेरीज त्या दिवसाचा संताप समजू शकत नाही.

नव्या संगोपनाच्या मार्गात अडचणीही होत्या. धर्मांतरितांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती १९९० पर्यंत मिळत नसल्यामुळे अनेक कुटुंबांनी शाळेच्या दाखल्यावर जुन्या जातीची नोंद कायम ठेवली. काही घरांत वडीलधाऱ्यांच्या जुन्या देवता नव्या प्रतिमांबरोबर नांदत राहिल्या. कागदावरील धर्म, आचारातील धर्म व मनातील धर्म हे तीन नेहमी एकरूप असतातच, असे नाही.

राजकीय निष्ठांची घडण : राजकीय मतांच्या बाबतीत घराइतकेच वस्ती, संघटना व समवयस्क यांचे महत्त्व आढळते. १९२५ मध्ये स्थापन झालेला राष्ट्रीय स्वयंसेवक संघ व १९४१ मध्ये पुनर्गठित झालेले राष्ट्र सेवा दल या एकमेकांहून अत्यंत भिन्न विचारांच्या संघटना. परंतु सायंकाळचा खेळ, गाणी, शिबिरे व समवयस्कांचा स्नेह यांतून किशोरांना घडविण्याची दोहोंची पद्धत बरीच समान होती. दोहोंनीही ओळखले होते, की मैदानावर जुळलेली मैत्री भाषणापेक्षा अधिक काळ टिकते. गोरेगाव येथे कार्य केलेल्या समाजवादी नेत्या मृणाल गोरे या सेवा दलाच्या संपर्कातून सार्वजनिक जीवनात आल्या व त्यासाठी त्यांनी वैद्यकीय शिक्षण सोडले. उपनगरांतील पाण्याच्या प्रश्नावर स्त्रियांना संघटित करून त्यांनी स्वयंपाकघरातील अडचणीला राजकीय रूप दिले. अशा आंदोलनांत आयांबरोबर आलेल्या मुलांचे राजकीय शिक्षण घरातील उपदेशाने झाले नाही, ते हंड्यांच्या मोर्चात झाले.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ (१९५६–६०) ही मानहाइमच्या अर्थाने एक पिढी घडविणारी घटना होती. कम्युनिस्ट, समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष व इतर अनेक पक्ष तीत एकत्र आले. चळवळीतील हुतात्म्यांच्या कथा पुढच्या पिढीने चाळीतून ऐकल्या, पण ज्या आर्थिक विचारांशी ती चळवळ निगडित होती, ते तितक्या प्रमाणात पुढे गेले नाहीत. भाषिक अस्मिता मात्र गेली. १९ जून १९६६ रोजी स्थापन झालेल्या शिवसेनेने या अस्मितेला शाखेच्या रूपाने वस्तीत कायमचे ठिकाण दिले. शाखा ही रुग्णवाहिका, शाळाप्रवेश, नळजोडणी व गणेशोत्सव यांचे केंद्र बनली, आणि शाखेसमोर खेळत वाढलेल्या मुलाची पक्षनिष्ठा जाहीरनामा वाचून आलेली नव्हती.

अस्मिता टिकते व पक्ष बदलतो, हे उपनगरांच्या निवडणुकांतून वारंवार दिसून आले. व्ही. के. कृष्ण मेनन उत्तर मुंबईतून १९५७ व १९६२ मध्ये लोकसभेवर निवडून आले. १९६७ मध्ये त्यांनी ईशान्य मुंबईतून अपक्ष म्हणून निवडणूक लढविली, तेव्हा स. गो. बर्वे यांच्याकडून त्यांचा पराभव झाला. त्या प्रचारात मेनन यांचे दाक्षिणात्य असणे हा एक प्रमुख मुद्दा करण्यात आला होता. उत्तर मुंबईने १९७७ मध्ये समाजवादी मृणाल गोरे यांना, तर १९८९ ते १९९९ या काळातील सलग पाच निवडणुकांत भारतीय जनता पक्षाचे राम नाईक यांना निवडून दिले. मतदारसंघाच्या सीमा व लोकवस्ती या काळात बदलल्या, हे खरे; तथापि घरातून मिळालेली ओळख मतदाराला एकाच पक्षाशी जखडून ठेवीत नाही, हेही यावरून दिसते. कोणत्या वेळी आपल्या अनेक ओळखींपैकी कोणती जागी होते—भाषेची, धर्माची, जातीची की पाण्यासाठी रांगेत उभ्या राहणाऱ्या गृहिणीची—यावर मत अवलंबून राहते.

शिवसेनेत जून २०२२ मध्ये फूट पडली. अंधेरी, जोगेश्वरी, गोरेगाव या भागांचा समावेश असलेल्या उत्तर-पश्चिम मुंबई मतदारसंघाचे तत्कालीन खासदार गजानन कीर्तिकर त्याच वर्षी एकनाथ शिंदे यांच्या पक्षात गेले, तर त्यांचे पुत्र अमोल कीर्तिकर उद्धव ठाकरे यांच्या पक्षात राहिले. पुत्राने २०२४ मध्ये त्याच मतदारसंघातून लढविलेल्या निवडणुकीत शिंदे यांच्या पक्षाचे रवींद्र वायकर ४८ मतांनी विजयी झाले. एकाच घरात, एकाच राजकीय परंपरेत वाढलेल्या दोन व्यक्ती विरोधी पक्षांत असू शकतात. पण त्या दोन्ही पक्षांनी मूळ परंपरेचे वारसदार म्हणूनच मते मागितली, हे येथे लक्षणीय आहे.

वस्तीचे विलगीकरण : संगोपनातून मिळालेल्या श्रद्धा भिन्न असणे हे स्वतःहून संघर्षाचे कारण नसते. साष्टीच्या गावठाणांत मंदिर, चर्च व दर्गा यांच्या जत्रांना परस्परांनी जाण्याची प्रथा दीर्घकाळ होती. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मधील दंगलींत मुंबईत सु. ९०० माणसे मरण पावली. जोगेश्वरी (पूर्व) येथील राधाबाई चाळीत जानेवारीत लावलेल्या आगीत सहा जणांचा बळी गेला, आणि त्याचे पडसाद मुंबईभर उमटले. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. दंगलीनंतर मिश्र वस्त्यांतील अनेक कुटुंबे आपापल्या धर्माच्या वस्तीत हलली. बरीच मुसलमान कुटुंबे मुंब्रा, मीरा रोड यांसारख्या ठिकाणी गेली.

सामाजिकीकरणाच्या दृष्टीने या विलगीकरणाचे परिणाम दंगलीपेक्षाही दीर्घकालीन आहेत. मिश्र वस्तीत वाढणाऱ्या मुलाचे अन्य धर्मीयांविषयीचे ज्ञान त्यांच्या घरातील ईद, नाताळ वा दिवाळीच्या फराळातून येते. त्यामुळे घरात ऐकलेल्या पूर्वग्रहाला त्याच्या स्वतःच्या अनुभवातून उत्तर मिळते. एकजिनसी वस्तीतील मुलाजवळ असे उत्तर नसते. त्याच्यापर्यंत अन्य समाज पोहोचतो तो कथांतून व बातम्यांतून, आणि त्यांची निवड दुसऱ्यांनी केलेली असते. दंगलींनंतर उभ्या राहिलेल्या मोहल्ला समित्यांनी शेजारसंबंध पुन्हा जोडण्याचा प्रयत्न केला. त्यांच्या कामाचा गाभा वादविवाद हा नसून एकत्र बसणे व एकत्र खेळणे हा होता.

प्रभावाच्या मर्यादा : एकाच घरातील भावंडे पुष्कळदा भिन्न मतांची निघतात. याची कारणे अनेक आहेत. मुले समवयस्कांकडून भाषा व आवडीनिवडी शिकतात, तशी मतेही शिकतात. उच्च शिक्षण, स्थलांतर, आंतरजातीय व आंतरधर्मीय विवाह, तसेच आजच्या काळात भ्रमणध्वनीवरून मिळणारा मजकूर, यांमुळे घराबाहेरील प्रभाव वाढतात. अमेरिकेतील जुळ्यांच्या अभ्यासांतून (२००५) राजकीय मतप्रवृत्तींत आनुवंशाचाही काही वाटा असल्याचे, तर पक्षनिष्ठा मात्र मुख्यतः संगोपनाने ठरत असल्याचे अनुमान काढण्यात आले. मनाचा कल जन्मजात असू शकेल; त्या कलाला कोणता पक्ष व कोणता देव मिळेल, हे घर व समाज ठरवितात.

आईवडिलांशी असलेले नातेही महत्त्वाचे ठरते. व्हर्न बेंग्टसन याने १९७० पासून दक्षिण कॅलिफोर्नियातील कुटुंबांचा अनेक पिढ्यांपर्यंत अभ्यास केला. केवळ धर्माचरणाच्या काटेकोरपणापेक्षा पालकांच्या, विशेषतः वडिलांच्या, जिव्हाळ्याच्या संबंधामुळे धर्मश्रद्धा पुढच्या पिढीत अधिक टिकते, असा त्याचा निष्कर्ष होता. प्रौढपणीही श्रद्धेचे स्वरूप बदलू शकते. बोरिवलीनजीक गोराई येथील जागतिक विपश्यना पॅगोडाचे प्रेरणास्थान सत्यनारायण गोएंका हे ब्रह्मदेशातील सनातनी हिंदू मारवाडी कुटुंबात १९२४ मध्ये जन्मले. १९५५ मध्ये ते प्रौढ वयात विपश्यनेकडे वळले. पुढे ही साधना शिकविताना त्यांनी साधकाला धर्मांतर करण्यास सांगितले नाही. त्यामुळे जन्माची ओळख न सोडता आचार बदलण्याचा मार्ग अनेकांना मोकळा झाला.

कायदा व सदसद्‌विवेक : भारतीय संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने प्रत्येक व्यक्तीला सदसद्‌विवेकाचे स्वातंत्र्य दिले आहे. अठ्ठाविसाव्या अनुच्छेदानुसार राज्याच्या निधीतून पूर्णपणे चालणाऱ्या शिक्षणसंस्थांत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि मान्यताप्राप्त वा अनुदानित संस्थांत कोणालाही संमतीशिवाय त्यात सहभागी करून घेता येत नाही; विद्यार्थी अज्ञान असल्यास ही संमती पालकाची असते. म्हणजे कायद्याने स्वातंत्र्य व्यक्तीला दिले, परंतु ते वापरण्याचे वय येईपर्यंत ते पालकांच्या हाती ठेवले. १९७६ मध्ये समाविष्ट झालेल्या मूलभूत कर्तव्यांत वैज्ञानिक दृष्टिकोन व शोधक बुद्धी यांच्या विकासाचा उल्लेख आहे. आपला कोणताही धर्म नाही असे सांगण्याचा अधिकार नागरिकास आहे व शासन त्याला धर्म नमूद करण्याची सक्ती करू शकत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला.

येथे एक तार्किक सावधगिरी आवश्यक आहे. एखादी श्रद्धा संगोपनातून आली, एवढ्यावरून ती असत्य ठरत नाही. प्रश्न विचारण्याची सवय, स्त्रीपुरुषसमतेची जाणीव व नास्तिक मतसुद्धा संगोपनातूनच येऊ शकते. श्रद्धेचा उगम सांगणे हे समाजशास्त्राचे काम असून तिची सत्यासत्यता ठरविणे हे त्याच्या कक्षेबाहेरचे आहे. मात्र उगमाचे ज्ञान माणसाला स्वतःच्या श्रद्धेकडे काही अंतरावरून पाहण्यास मदत करते. रस्त्यापलीकडच्या इमारतीत जन्माला आलो असतो, तर आज ज्याविषयी आपण वाद घालतो त्याच्या नेमक्या विरुद्ध बाजूस आपण उभे असण्याचा संभव होता, हे मान्य करणाऱ्याला शेजाऱ्याचे मत चुकीचे वाटले, तरी शेजारी स्वतः दुष्ट वाटत नाही. विविध धर्म, भाषा व पक्ष यांचे लोक एकाच जिन्याने चढउतार करतात, अशा शहरात या जाणिवेचे व्यावहारिक मूल्य मोठे आहे.

संगोपनाविना श्रद्धा किंवा मत निर्माण होत नाही. कोणतेही वळण न देता मुलाला वाढविणे अशक्य आहे. त्यामुळे पालक व शिक्षक यांच्यासमोरील पर्याय संस्कार द्यावेत की देऊ नयेत, असा नसतो. दिलेल्या संस्कारांचा पुनर्विचार करण्याची क्षमता व मुभाही त्या संस्कारांचाच भाग असावी की नसावी, हा खरा पर्याय होय. साष्टीच्या ख्रिस्ती समाजाचा इतिहास संगोपनाची टिकाऊ शक्ती दाखवितो. बौद्ध धर्मांतर हे संगोपन विचारपूर्वक बदलता येते, असे दाखविते. वाडवडिलांनी दिलेली श्रद्धा पारखून घेतल्यानंतर ती ठेवणारा व ती सोडणारा या दोघांनाही आपले मत आपलेच आहे असे म्हणण्याचा सारखाच अधिकार पोहोचतो.